चपलांचा जोड आणि महापालिकेचे अंदाजपत्रक

गेली नऊ वर्षे मी एका महिला निवारागृहाचे हिशेब पाहते. बँकेतून निवृत्त झाल्यावर एका मैत्रिणीने मला संस्थेत ओढून नेले आणि 'मानद कोषाध्यक्ष' असे भारदस्त नाव देऊन जे काम गळ्यात घातले, ते प्रत्यक्षात व्हाउचरे लावण्याचे आहे. संस्थेचे नाव मी येथे लिहिणार नाही, पत्ता तर नाहीच, आणि त्याचे कारण पुढे ओघाने येईल. व्हाउचरांविषयी मात्र लिहायला हरकत नाही, कारण ती ज्याने एकदा नीट वाचली त्याला निवारागृह म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. 'रिक्षाभाडे, रात्री १.४०.' 'दूध अर्धा लिटर, पाव.' 'गाऊन २.' 'चौथीची पुस्तके, जुनी.' 'कुलूप.' 'चपला, १ जोड.'

पहिल्या वर्षी या चपलांनी मला कोड्यात टाकले होते. जवळजवळ प्रत्येक महिन्याच्या किरकोळ खर्चात चपला होत्या. बँकेतल्या सवयीने मी अधीक्षिकांना विचारले, की ताई, दर महिन्याला चपला कशा लागतात, मागच्या महिन्यात घेतलेल्या कुठे गेल्या? त्या म्हणाल्या, "काकू, मागच्या महिन्यातल्या चपला ज्यांनी घातल्या, त्या बायका घालून गेल्या. नव्या येतात त्या अनवाणीच येतात ना." दार उघडे सापडले त्या क्षणी कडेवरचे मूल आणि हाताला लागेल ती पिशवी घेऊन जी बाई जिना उतरते, ती चपला शोधत बसत नाही, हे मला साठी उलटल्यावर एका व्हाउचरामुळे कळले, याची आजही थोडी लाज वाटते.

या लेखाचा विषय चपला नसून त्या कोणत्या पैशांतून घ्यायच्या हा आहे. माझे म्हणणे असे आहे, की घरातल्या मारहाणीतून रात्री बाहेर पडलेल्या बाईला आणि तिच्या मुलांना त्या रात्रीपुरते आणि पुढच्या काही आठवड्यांपुरते सुरक्षित छप्पर देणे हे शहराचे काम आहे, आणि शहराचे काम असेल तर ते महापालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी, वेतन आणि शिध्यासकट, एका कायम लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या स्वतंत्र नोंदीखाली, दिसले पाहिजे. ते बहुतेक ठिकाणी दिसत नाही.

आधी प्रश्नाचा आवाका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १८ ते ४९ वयोगटातील विवाह झालेल्या स्त्रियांपैकी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण देशात २९.३ टक्के आणि महाराष्ट्रात २५.२ टक्के निघाले. त्याच सर्वेक्षणाप्रमाणे शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. सगळ्यांनाच निवारागृह लागते असे मुळीच नाही, आणि बहुतेकींना ते नकोही असते. पण ज्यांना लागते त्यांना ते त्याच रात्री लागते, दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडल्यावर नाही.

आपल्याकडे या रात्रीची सोय म्हणजे माहेर, असे समाजाने फार पूर्वी ठरवून टाकलेले आहे. कोणत्याही अंदाजपत्रकात न धरलेले, सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे निवारागृह तेच. त्याची क्षमता मात्र भावाच्या वन-बीएचकेइतकी, वहिनीच्या मनाइतकी आणि वडिलांच्या रक्तदाबाइतकी असते. 'चार दिवस राहा, मग आम्ही येऊन समजूत घालतो' या वाक्याने तिथला मुक्काम सुरू होतो आणि पाचव्या दिवशी तो संपतो. शिवाय नवऱ्याला माहेरचा पत्ता पाठ असतो. ज्या बाईच्या जिवाला खरोखर धोका आहे तिच्यासाठी तो पत्ता म्हणजेच धोका, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ जणी माहेर असूनही, किंवा माहेरी दोनदा जाऊन आल्यावर, येतात. त्या आधी कुठे रात्र काढतात हे विचारले तर एसटी स्थानक, रेल्वेचे प्रतीक्षालय, सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेरचा बाक आणि एखादे मंदिर, ही उत्तरे येतात.

कायद्याला हे ठाऊक आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६ प्रमाणे पीडित महिलेने स्वतः, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने वा सेवा देणाऱ्या संस्थेने विनंती केली, तर निवारागृहाच्या प्रमुखाने तिला आसरा द्यायचाच आहे. त्याखालील नियम तर आणखी स्पष्ट आहेत. घटनेचा अहवाल आधी नोंदवलेला नाही या कारणावरून आसरा नाकारता येत नाही, आणि तिची इच्छा असेल तर ती तिथे आहे हे कोणाला सांगायचेही नाही. याच कायद्याचा मुख्य रोख खरे तर बाईला घराबाहेर न काढण्याकडे आहे. कलम १७ तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क देते आणि कलम १९ खाली दंडाधिकारी गरज पडल्यास नवऱ्यालाच घर सोडायला सांगू शकतात. घर सोडून तिने का जावे, त्याने का जाऊ नये, हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारते आणि तो अगदी रास्त आहे. पण आदेश मिळायला न्यायालय उघडे असावे लागते, आणि मार खाण्याची वेळ न्यायालयाच्या वेळा पाहून येत नाही. कायदा म्हणतो की पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षातल्या तारखा ज्यांनी अनुभवल्या आहेत त्यांना या दोन आकड्यांवर मी काही भाष्य करण्याची गरज नाही. रात्र आणि आदेश यांच्यामधला जो काळ आहे, मग तो साठ दिवसांचा असो की चौदा महिन्यांचा, तो कुठेतरी काढावा लागतो, आणि तेवढ्यासाठी खाट लागते.

खाटा आहेत कुठे? केंद्र सरकारने २०१५ पासून 'सखी वन स्टॉप सेंटर' सुरू केली, त्यांचा खर्च निर्भया निधीतून येतो, आणि तिथे मुक्काम जास्तीत जास्त पाच दिवसांचा धरलेला आहे. त्यापुढची सोय म्हणजे पूर्वीची स्वाधारगृहे, जी आता 'मिशन शक्ती'मध्ये 'शक्ती सदन' या नावाखाली आली आहेत आणि ज्यांचा खर्च केंद्र व राज्य ६०:४० अशा प्रमाणात उचलतात. स्वाधारच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्ह्यामागे तीस महिलांच्या क्षमतेचे एक गृह धरलेले होते, आणि चाळीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या जिल्ह्यांत एकाहून जास्त गृहे काढण्याची मुभा होती. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९४ लाखांहून अधिक होती. स्त्रियांवरील हिंसा रोखण्यासाठी झालेल्या युरोपीय परिषदेच्या इस्तंबूल कराराच्या विवरणात दर दहा हजार लोकसंख्येमागे एका कुटुंबाची जागा असावी असे म्हटले आहे. तो करार आपल्याला लागू नाही आणि तिथले मापही आपल्याला जसेच्या तसे लावू नये, पण गंमत म्हणून मी ते एकट्या पुणे शहराला लावून पाहिले, तर २०११ च्या ३१ लाख लोकसंख्येला तीनशेहून अधिक कुटुंबांच्या जागा येतात. गंमत म्हणून म्हटले खरे, पण हिशेब केल्यावर बराच वेळ मी तो कागद तसाच पाहत बसले होते.

आता मुलांविषयी, कारण 'महिला निवारागृह' या शब्दातच ती नजरेआड होतात. बाई एकटी क्वचितच येते. स्वाधारगृहाच्या सूचनांप्रमाणे आईबरोबर मुली अठरा वर्षांपर्यंत राहू शकत, मुलगे मात्र आठ वर्षांपर्यंतच. त्याहून मोठ्या मुलाला बालगृहात पाठवावे असे तिथे सांगितलेले होते. सखी केंद्रांच्या सूचनांतही मुलग्यांसाठी आठ वर्षांचीच रेषा होती. योजनांची नावे बदलतात, रेषा कधी थोडी वर सरकते, पण आठ असो की बारा, रेषा ही रेषाच. या नियमामागे कारण नाही असे मी म्हणणार नाही. एका मोठ्या दालनात वीस-पंचवीस बायका, तरुण मुली आणि एकच स्नानगृह असेल, तर चौदा वर्षांच्या मुलाला तिथे ठेवणे अवघडच आहे, आणि त्यातल्या कित्येकींना पुरुषी आवाजाचेही भय वाटत असते. पण हे अवघडपण दालनामुळे येते, मुलामुळे येत नाही. प्रत्येक कुटुंबाला दाराला आतून कडी असलेली लहानशी खोली देता आली, तर या नियमाची गरजच उरत नाही. दालन स्वस्त पडते, खोल्या महाग पडतात, आणि म्हणून नऊ वर्षांच्या मुलाचे वय हा शेवटी पैशांचा प्रश्न ठरतो.

हा प्रश्न दारात कसा उभा राहतो ते मी एकदा पाहिले आहे. मार्चअखेरीमुळे मी उशिरापर्यंत थांबले होते. पोलिसांच्या गाडीतून एक बाई आली, बरोबर सहा वर्षांची मुलगी आणि साधारण अकरा वर्षांचा मुलगा. मुलाच्या पाठीवर दप्तर होते, आणि त्या दप्तरात त्याने बहिणीचे कपडे भरून आणले होते. अधीक्षिकांनी त्या रात्री नियम बाजूला ठेवून मुलाला कार्यालयात गादी घालून दिली. सकाळी बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांना कुठे ठेवायचे ते ठरवणाऱ्या समितीपुढे, न्यायचे ठरले. बोलता बोलता कोणाच्या तरी तोंडून 'रिमांड होम' हा शब्द निघाला, जो आपल्याकडे सगळ्याच बालगृहांना सरसकट चिकटलेला आहे, आणि तो त्या बाईने ऐकला. दुपारी जेवणाआधी ती दोन्ही मुलांना घेऊन परत गेली, जिथून आली होती तिथेच. आमच्या नोंदवहीत 'स्वेच्छेने निर्गमन' असा शेरा आहे. मी तो शेरा तसाच ठेवू दिला, कारण रकान्यात त्याहून दुसरा पर्याय नव्हता.

पैशांकडे वळते. बाहेरच्या माणसाला वाटते की अनुदान मंजूर झाले म्हणजे प्रश्न मिटला. अनुदान हप्त्यांनी येते, मागच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षण अहवाल पोहोचल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि हे कागद तालुक्यापासून दिल्लीपर्यंत ज्या टेबलांवरून जातात त्यांपैकी एका टेबलावरचा माणूस रजेवर असला तरी आमच्या किराणा दुकानदाराची वही भरत जाते. गेल्या नऊ वर्षांत आमच्याकडच्या स्वयंपाकघरात एक दिवसही चूल बंद राहिलेली नाही, पण त्याचे श्रेय योजनेपेक्षा त्या दुकानदाराला अधिक आहे. काळजीवाहक बायकांचे मानधन चार-चार महिने थकते, आणि ज्या बाईला रात्री दोन वाजता दार उघडायचे आहे तिनेच सकाळी दुसऱ्या घरी पोळ्या लाटायला जायचे, अशी व्यवस्था आपोआप तयार होते. दार उघडणारी व्यक्ती जागी असणे हा निवारागृहाचा गाभा आहे. खाट, गादी, पंखा या गोष्टी एकदा घेतल्या की दहा वर्षे पुरतात, त्या देणारे दातेही भेटतात. रात्रपाळीचे वेतन मात्र दर महिन्याला द्यावे लागते, आणि त्यावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही.

या सगळ्यात महापालिका कुठे आहे? महाराष्ट्रातील नागरी स्थानिक संस्थांनी अंदाजपत्रकाच्या किमान ५ टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखावी असा शासनाचा दंडक आहे. महापालिका अधिनियमाखाली महिला व बालकल्याण समितीही असते. म्हणजे पैसा आणि समिती या दोन्ही गोष्टी कागदावर आहेत. पण या ५ टक्क्यांतून काय घेतले जाते हे कोणत्याही शहरातील वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. शिलाई मशीन, सायकली, ब्युटी पार्लरचे प्रशिक्षण, मेळावा, मेळाव्याचा मंडप. शिलाई मशीनवर माझा राग नाही, आमच्याकडे राहून गेलेल्या दोघीतिघी आज त्यावरच पोट भरतात. पण मशीन वाटता येते, वाटताना छायाचित्र काढता येते आणि ज्या प्रभागात वाटले तो प्रभाग ते लक्षात ठेवतो. निवारागृहाचे तसे नाही. त्याचा पत्ता गुप्त ठेवणे हीच त्याची पहिली अट. त्यामुळे बाहेर फलक लावता येत नाही, कोनशिला बसवता येत नाही, उद्घाटनाला ढोल-ताशे बोलावता येत नाहीत आणि लाभार्थींना रांगेत उभे करून त्यांच्या हाती काही ठेवता येत नाही. ज्या कामावर कोणाचेच नाव लिहिता येत नाही, त्या कामाला आपल्याकडे लेखाशीर्ष मिळणे इतके कठीण का जाते, याचे माझ्या मते हे निम्मे उत्तर आहे. उरलेले निम्मे मला एका महापालिकेच्या कार्यालयात मिळाले.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघीजणी निवेदन घेऊन गेलो होतो. त्या काळात राज्यातील बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते. मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि थेट १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे सभागृहच नव्हते, म्हणजे महिला व बालकल्याण समितीही नव्हती. त्यामुळे ज्यांना भेटायचे ते अधिकारीच. आम्हाला जे भेटले ते सभ्य होते, त्यांनी चहा मागवला, निवेदन शेवटपर्यंत वाचले आणि दोन आक्षेप घेतले. पहिला असा, की हा विषय राज्याच्या महिला व बालविकास विभागाचा आहे. दुसरा असा, की तातडीच्या खाटा म्हणजे त्यांतल्या काही नेहमी रिकाम्या राहणार, आणि रिकाम्या खाटांवर केलेला खर्च लेखापरीक्षणात निघणार.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मला तिथेच सुचले, हे क्वचित घडते. त्या इमारतीच्या आवारातच अग्निशमन दलाचे केंद्र आहे. आम्ही आत जाताना तिथल्या दोन गाड्या चकचकीत धुऊन उभ्या होत्या आणि जवान सावलीत बसले होते. त्या दिवशी शहरात आग लागली नव्हती. म्हणून त्या दिवसाचा त्यांचा पगार वाया गेला असे कोणताही लेखापरीक्षक लिहीत नाही, कारण अग्निशमन दल आग विझवण्यासाठी जितके असते तितकेच ते आग लागेल तेव्हा तयार असण्यासाठी असते. निवाऱ्याची रिकामी खाट हीसुद्धा धुऊन उभी केलेली गाडीच आहे. सगळ्या खाटा रोज भरलेल्या असतील तर ते निवारागृह तातडीचे राहिलेले नाही, इतकाच त्याचा अर्थ. अधिकारी हसले आणि म्हणाले, "मॅडम, अग्निशमन हे आमचे बंधनकारक कर्तव्य आहे." हे अगदी बरोबर होते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ खाली बंधनकारक कर्तव्ये येतात आणि कलम ६६ खाली ऐच्छिक. निराश्रितांची सोय ऐच्छिक बाजूला पडते, आणि ऐच्छिक म्हणजे पैसे उरले तर.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मी घरी येऊन शोधले. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या अठरा विषयांची यादी आहे. सातवा विषय अग्निशमन. नववा विषय समाजातील दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण. पंधरावा विषय कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध. म्हणजे रात्री रस्त्यावर सापडलेल्या गुराला कुठे न्यायचे, त्याला वैरण कोणी घालायची आणि त्याचा खर्च कोणत्या शीर्षात टाकायचा, हे शहराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. यापुढे मी काही लिहीत नाही.

हे महापालिकेला जमणारच नाही, असेही नाही. मुंबई महापालिकेने २००० साली 'सेहत' या संस्थेबरोबर वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे केंद्र सुरू केले. घरातल्या मारहाणीने जखमी झालेली बाई पोलिसांकडे जाण्याआधी, आणि बहुधा त्याऐवजी, पालिकेच्या दवाखान्यात येते आणि 'जिन्यावरून पडले' असे सांगते, हे ओळखून रुग्णालयातल्याच परिचारिका आणि कर्मचाऱ्यांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देण्यात आले. पुढे ते काम पालिकेच्या इतर रुग्णालयांतही पोहोचले. या रचनेत मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट अगदी छोटी आहे. घरी परत पाठवणे धोक्याचे असेल अशा बाईला 'निरीक्षणाखाली' म्हणून वॉर्डात दाखल करून घेता येते. केसपेपरवर निरीक्षण, प्रत्यक्षात रात्रीचा निवारा. पालिकेच्या वॉर्डातली ती एक खाट शहरानेच पोसलेली असते, तिच्यासाठी दिल्लीहून हप्ता यावा लागत नाही, आणि तिथे बाई आलेली आहे हे बघून कोणाला काही कळत नाही. म्हणजे शहराने मनावर घेतले तर ऐच्छिक कर्तव्यही चालू राहू शकते. मात्र वॉर्डात बाई एखाददुसरी रात्र राहील, आणि तिचे मूल तर तिथे राहूच शकणार नाही.

याउलट 'शहरी बेघरांचे निवारे आहेत की, तिथे पाठवा' असे कोणी सुचवले, की मला हात जोडावेसे वाटतात. ते निवारे आवश्यक आहेत, पण त्यांचा फलक रस्त्यावरून वाचता येतो आणि तिथे कोणीही चौकशी करू शकतो. शोधत येणाऱ्या नवऱ्याला यापेक्षा सोपे काय हवे?

हद्दीचाही एक प्रश्न आहे आणि तो मुंबई–ठाणे किंवा पुणे–पिंपरी-चिंचवड अशा जोडशहरांत रोज पडतो. जीव वाचवायला निघालेली बाई शहाणी असेल तर आपली हद्द ओलांडून जाते. मग जिथे ती पोहोचली तिथली महापालिका म्हणू शकते, की ही आमची करदाती नाही, हिचा रहिवासी दाखला कुठे आहे? इंग्लंडमध्ये हा वाद पुष्कळ झाला. तिथे पहिले निवारागृह १९७१ मध्ये लंडनच्या चिझविक भागात निघाले आणि पन्नास वर्षे ही गृहे कधी कौन्सिलच्या मर्जीवर, कधी देणग्यांवर चालली. २०२१ च्या कौटुंबिक अत्याचार कायद्याने मोठ्या स्थानिक प्राधिकरणांवर सुरक्षित निवाऱ्यातील पीडितांना आणि त्यांच्या मुलांना आधारसेवा देण्याचे वैधानिक कर्तव्य टाकले आणि पहिल्या वर्षी केंद्र सरकारने त्यासाठी १२.५ कोटी पौंड दिले. त्या कायद्यात हिंसा पाहणारे मूलही पीडितच मानले आहे. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही, जागा तिथेही कमी पडतात. पण 'ऐच्छिक' या रकान्यातून 'बंधनकारक' या रकान्यात एखादी सेवा नेता येते, एवढे तरी त्यावरून दिसते.

आपल्याकडे या कामाचा पैसा कोणी दिला याचा इतिहास पाहिला तर शहर त्यात जवळजवळ नाहीच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते स्वतःच्या घरी. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले तेव्हा त्यामागे बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांपुरते कबूल केलेले वर्गणीचे पैसे होते, आणि पुढे धर्मांतराच्या वादात येथील सल्लागार मंडळातली मोठी माणसे बाजूला झाली. विधवांसाठीच्या त्या आश्रमांचे हेतू आणि आजच्या निवारागृहाचे हेतू सारखे नाहीत हे मान्य, पण रात्री दार ठोठावणाऱ्या बाईसाठी दार कोणाच्या खिशातून उघडायचे, हा प्रश्न तोच आहे, आणि देणगीदार बदलला की दाराच्या अटीही बदलतात हा धडाही तोच.

नवे सभागृह आल्यावर आम्ही निवेदन पुन्हा लिहिले आहे, या वेळी दोन पानांचे. इमारत मागितलेली नाही, कारण इमारत मागितली की बांधकामाची निविदा निघते आणि काम तिथेच थांबते. महापालिकेच्या ताब्यात पडून असलेल्या काही सदनिका, वेगवेगळ्या इमारतींत विखुरलेल्या, फलक नसलेल्या, प्रत्येकीला स्वतःचे स्नानगृह आणि आतून कडी असलेल्या, अशा मागितल्या आहेत, म्हणजे मुलाचे वय विचारायची वेळ येणार नाही. त्यांच्याबरोबर तीन पाळ्यांतील कर्मचाऱ्यांचे वेतन, शिधा, औषधे आणि शाळेचा खर्च यांसाठी ५ टक्क्यांच्या निधीतून स्वतंत्र लेखाशीर्ष, ज्यातली रक्कम वर्षाअखेरीस वर्गीकरण करून दुसरीकडे वळवता येणार नाही. रहिवासी दाखल्याची अट नको. आणि किरकोळ खर्चाची उचल अशी, की रात्री दोन वाजता रिक्षावाल्याला पैसे देण्यासाठी कोणाची सही लागू नये.

निवेदन वाचून या वेळच्या अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, की जागा नाही म्हणून तुम्ही वर्षाला किती जणींना परत पाठवता? आमच्याकडे आकडा नव्हता. आलेल्या प्रत्येकीची नोंद आम्ही शासनाच्या नमुन्यात ठेवतो, पण ज्यांना फोनवरच 'जागा नाही' किंवा 'मुलगा मोठा आहे' असे सांगितले त्यांची कुठेही नोंद नाही, कारण त्यांच्यावर काहीच खर्च झालेला नसतो आणि म्हणून त्यांचे व्हाउचर नसते. हिशेब पाहणाऱ्या बाईच्या नजरेतून ही चूक नऊ वर्षे सुटली. १ एप्रिलपासून अधीक्षिकांच्या टेबलावर एक शंभरपानी वही ठेवली आहे. तीत नाव आणि पत्ता घ्यायचा नाही. तारीख, वेळ, बरोबर मुले किती, त्यांची वये, जागा का देता आली नाही, आणि कुठे पाठवले, एवढेच रकाने मी हाताने आखून दिले आहेत. पुढच्या अंदाजपत्रकासाठी सूचना मागवतील तेव्हा त्या वहीची छायाप्रत निवेदनाला जोडायची आहे.